बॅरिएट्रिक, म्हणजे वजन कमी करण्याच्या, ऑपरेशननंतर जुन्या गोळ्यांचं काय करायचं?

परळला आमचं औषधांचं दुकान आहे. मी फार्मसिस्ट आहे आणि सकाळचं काउंटर माझ्याकडे असतं. केईएम, टाटा, वाडिया सगळं चालत जाण्याच्या अंतरावर, त्यामुळे हातात फाइल घेतलेली माणसं दिवसभर येत असतात. काही वर्षांपूर्वी एक ओळखीचे काका गुडघा चोळत आले. "ताई, नेहमीची अंगदुखीच्या गोळ्यांची पट्टी दे." पट्टी काढताना लक्ष गेलं की त्यांचा शर्ट खांद्यावरून ओघळतोय. विचारलं तर म्हणाले, "बायपास केलं ना सहा महिन्यांपूर्वी. हृदयाचं नाही गं, पोटाचं." मी पट्टी परत ठेवली. पण त्याआधीच्या दोन पट्ट्या मीच दिल्या होत्या, काही न विचारता. पुढे एंडोस्कोपीत त्यांना जठर आणि आतडं जोडलंय त्या जागी अल्सर, म्हणजे जखम, निघाला.

त्या दिवसापासून मी प्रत्येकाला विचारते. वजनाच्या ऑपरेशनबद्दल आपल्याकडे सगळे किती किलो कमी झाले ते सांगतात, पण घरातल्या डब्यात आधीपासून पडलेल्या बीपीच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्यांचं काय करायचं हे फार थोड्यांना ठाऊक असतं. हा लेख त्यासाठी आहे. यातला कुठलाही डोस स्वतःहून बदलू नका. डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, हे कळावं म्हणून वाचा.

पहिली पायरी: ऑपरेशन नेमकं कोणतं झालं?

"पोट लहान केलं" एवढ्यावर भागत नाही. डिस्चार्ज कार्डावर ऑपरेशनचं नाव असतं, ते बघा.

स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन चतुर्थांश ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात. उरते ती केळ्याच्या आकाराची नळी. आतडं जसंच्या तसं राहतं. बायपासमध्ये, म्हणजे रू-एन-वाय पद्धतीत, जठराचा वरचा जेमतेम ३० मिलिलिटरचा कप्पा वेगळा करतात, म्हणजे दोन मोठे चमचे पाणी मावेल एवढा. तो थेट लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडतात. जठराचा उरलेला भाग, ड्युओडेनम (लहान आतड्याची सुरुवात) आणि त्यापुढचं थोडं आतडं, यांना अन्नाचा स्पर्शच होत नाही. आपल्याकडे "मिनी बायपास"ही बराच होतो. त्यात एकच जोड असतो, पण वगळलेलं आतडं बहुधा जास्त लांब असतं, साधारण १५० ते २०० सेंटिमीटर. ड्युओडेनल स्विच, म्हणजे स्लीव्ह करून शिवाय बरंच आतडं वगळणं, हे सगळ्यांत मोठं ऑपरेशन. ते कमी लोकांत होतं आणि औषधांच्या दृष्टीने सर्वांत जपण्यासारखं.

ढोबळ नियम असा: आतडं जितकं जास्त वगळलं, तितका औषधांचा हिशेब जास्त बदलतो. स्लीव्हवाल्यांनी मात्र "आमचं आतडं शाबूत आहे" म्हणून निर्धास्त राहू नये. त्यांचं आम्ल कमी झालेलं असतं आणि जठर लवकर रिकामं होतं.

गोळीच्या वाटेत काय बदललं

गोळी गिळल्यावर ती आधी फुटते, मग विरघळते, मग आतड्याच्या अस्तरातून रक्तात जाते. ऑपरेशनने या तिन्ही टप्प्यांना हात लागतो.

जठरात गोळी घुसळली जाते, आम्लात भिजते. लहान कप्प्यात घुसळणं कमी आणि आम्लही कमी. ज्या औषधांना विरघळायला आम्ल लागतं ती अर्धवट विरघळलेली पुढे सरकतात. कॅल्शियम कार्बोनेट, लोहाचे काही क्षार आणि बुरशीवरचं केटोकोनाझोल ही त्यातली उदाहरणं. पुढे पित्ताचा प्रश्न येतो. तेलात विरघळणारी औषधं आणि ए, डी, ई, के ही जीवनसत्त्वं शोषायला पित्त लागतं. बायपासमध्ये अन्न आणि पित्त यांची गाठ बरीच खाली पडते, त्यामुळे मिसळायला अंतर कमी उरतं.

आता उलट बाजू बघा. आतड्याच्या सुरुवातीच्या भागात औषधं मोडून टाकणारी एन्झाइम्स भरपूर असतात. तोच भाग वगळला की काही औषधं कमी मोडली जातात आणि रक्तात पूर्वीपेक्षा जास्त पोचतात. म्हणून "ऑपरेशन झालं, आता शोषण कमी, डोस वाढवा" हे सरसकट खरं नाही. बायपास झालेल्यांमध्ये मेटफॉर्मिनचा शोषला जाणारा वाटा वाढलेला आढळला आहे. अझिथ्रोमायसिन मात्र सुमारे एक तृतीयांशाने कमी पोचतं. ऑपरेशन एकच, पण दोन गोळ्यांची गत अशी वेगवेगळी.

यात काळाचाही हिशेब धरावा लागतो. वजन उतरतं, चरबीत साठणाऱ्या औषधांचा पसारा बदलतो, यकृतावरची चरबी घटते आणि यकृत औषधं वेगळ्या गतीने हाताळू लागतं, आतडंही हळूहळू जुळवून घेतं. पहिल्या महिन्यात जुळलेला डोस बाराव्या महिन्यात जुळेलच असं नाही. मला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, कारण डॉक्टरांनी एकदा लिहून दिलेली चिठ्ठी लोक वर्षभर तशीच चालवतात.

ऑपरेशनच्या महिना-दीड महिना आधी: सगळ्या पट्ट्या पिशवीत

डॉक्टरांकडे यादी लिहून नेऊ नका, पट्ट्याच न्या. यादीत माणूस हटकून काहीतरी विसरतो. पर्समधली पाळीच्या दुखण्याची गोळी, ऑफिसच्या ड्रॉवरमधली ॲसिडिटीची कॅप्सूल, आयुर्वेदिक काढा, होमिओपॅथी, जिममधली पावडर, डोळ्यांचे थेंब, इनहेलर, सगळं पिशवीत टाका. मग प्रत्येक पट्टीवर दोन गोष्टी शोधा.

पहिली, नावापुढची अक्षरं. एसआर, एक्सआर, ईआर, सीआर, एक्सएल, एमआर, ओडी, रिटार्ड यांपैकी काही दिसलं तर ती गोळी हळूहळू औषध सोडणारी आहे. तिला पोटात आणि आतड्यात बराच वेळ हवा असतो आणि तोच आता कमी झालाय. बायपासनंतर डॉक्टर बहुधा तिच्या जागी साधी, लगेच विरघळणारी गोळी देतात. मग दिवसातून एकदाऐवजी दोन-तीनदा घ्यावी लागते, पण ती कामाला येते. ॲसिडिटीच्या "डीएसआर" कॅप्सूलमध्येही हळू सुटणारं डॉम्पेरिडॉन असतं, हे कित्येकांना माहीत नसतं.

दुसरी, पट्टीच्या मागची बारीक अक्षरं. आपल्याकडे एका गोळीत दोन-दोन, तीन-तीन औषधं कोंबलेली असतात. साखरेच्या एका गोळीत ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एसआर दोन्ही असू शकतात. बीपीच्या गोळीच्या नावाअखेरीस "एच" असेल तर त्यात बहुधा लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड असतं. ऑपरेशननंतर एक औषध बंद आणि दुसरं चालू ठेवायचं असलं, तर जोडगोळी तोडून ते जमत नाही. दोन्ही सुट्या लिहून मागा.

ऑपरेशनआधी थांबवायची औषधंही याच भेटीत ठरतात. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या साखरेच्या गोळ्या किमान ३ दिवस आधी थांबवतात, कारण उपाशीपोटी त्यांनी रक्तात किटोन्स नावाची आम्लं वाढून जिवावर बेतू शकतं, तेही साखर फारशी चढलेली नसताना. इस्ट्रोजेन हॉर्मोन असलेल्या (बऱ्याच गर्भनिरोधक) गोळ्या रक्ताच्या गुठळीच्या भीतीमुळे साधारण महिनाभर आधी बंद करतात. साखरेसाठी किंवा वजनासाठी सेमाग्लुटाइड किंवा टिर्झेपेटाइडची इंजेक्शनं चालू असतील तर भूलतज्ज्ञांना नक्की सांगा, त्यांनी जठर रिकामं व्हायला उशीर होतो. आणि सेमाग्लुटाइडची गोळी घेत असाल तर ती मुळात जठराच्या अस्तरातूनच शोषली जाते, म्हणून जठर कापल्यावर तिचा वेगळा विचार व्हायला हवा.

पहिले काही आठवडे: गोळीचं रूप बदला

सूज असते, वाट अरुंद असते. मोठी गोळी अडकते, ओकारी येते. म्हणून सुरुवातीला द्रव, चघळायची, पाण्यात विरघळणारी किंवा कुटलेली औषधं देतात. हे किती आठवडे, ते तुमचे सर्जन सांगतील.

सगळंच खलबत्त्यात घालू नका. हळू सुटणारी गोळी कुटली की दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो. आवरण असलेल्या ॲसिडिटीच्या गोळ्या, हॉर्मोनच्या आणि कॅन्सरवरच्या गोळ्याही कुटायच्या नसतात. ओमेप्राझोलसारख्या कॅप्सूलमध्ये बारीक मणी असतात. कॅप्सूल उघडून मणी चमचाभर दह्यावर टाकून न चावता गिळता येतात. बायपासनंतरच्या जोडाच्या अल्सरमध्ये कॅप्सूल अशी उघडून घेतल्याने जखम लवकर भरल्याचं दिसलेलं आहे. डॉक्टरांना हे आवर्जून विचारा.

सिरप म्हणजे निर्धोक, हाही गैरसमज. साखरेचा पाक आणि सॉर्बिटॉल यांनी बायपासवाल्यांना धडधड, घाम, पोटात कळ आणि जुलाब होऊ शकतात. शुगर-फ्री बाटलीत सॉर्बिटॉल असू शकतं, लेबल वाचा. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांचे बुडबुडे आधी पूर्ण जाऊ द्या, मग घोट घोट घ्या.

वेदनाशामक: इथे चूक नको

ही गोष्ट मी पुन्हा पुन्हा सांगते आणि पुढेही सांगत राहीन. आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, मेफेनॅमिक ॲसिड, निमेसुलाइड, इटोरिकॉक्सिब. बायपास झालेल्या माणसाने यांतलं काहीही आपल्या मनाने घ्यायचं नाही, आज नाही आणि दहा वर्षांनीही नाही. जठराचा कप्पा आतड्याला जिथे जोडलाय तिथल्या अस्तराला आम्लाची सवय नसते. या गोळ्या तिथलं संरक्षण कमी करतात, अल्सर होतो, रक्त जातं, कधी भोक पडतं. स्लीव्हवाल्यांनीही शक्यतो टाळायच्या.

बाजारातली नावं ओळखा. कॉम्बिफ्लॅममध्ये पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन आहे. व्होव्हेरान म्हणजे डायक्लोफिनॅक, झेरोडॉल म्हणजे ॲसिक्लोफिनॅक. मेफ्टल-स्पास पाळीच्या दुखण्यासाठी घराघरांत असते, तिच्यात मेफेनॅमिक ॲसिड आहे. डिस्प्रिन म्हणजे ॲस्पिरिन. लोकलमध्ये शेजारच्या बाईने प्रेमाने पुढे केलेली गोळी यांतलीच एखादी निघते. इंजेक्शननेही सुटका नाही. डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन पोटाला वगळून गेलं तरी अस्तराचं संरक्षण रक्तावाटेच कमी होतं. दुखऱ्या गुडघ्यावर काय लावावं, हे ठरवायला ऑर्थोपेडिक डॉक्टरांना ऑपरेशनची माहिती द्या.

साधं पॅरासिटामॉल चालतं, दिवसाची कमाल मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. हृदयासाठी ॲस्पिरिन ७५ चालू असेल तर ती घाबरून बंद करू नका. स्टेंट असलेल्या माणसाने ॲस्पिरिन अचानक सोडणं हा मोठा धोका. कार्डिओलॉजिस्ट आणि सर्जन यांनी मिळून, बहुधा आम्ल कमी करणाऱ्या गोळीच्या संरक्षणाखाली, ते ठरवायचं. तंबाखू, मिश्री, सिगारेट चालू असेल तर अल्सरची वाट आपणच मोकळी करून देतो आहोत.

साखर आणि बीपी: गोळ्या लवकर कमी होतात, पण शिस्तीत

साखर वजनाच्या आधी उतरते, कधी ऑपरेशननंतरच्या काही दिवसांतच. खाणं जेमतेम आणि जुना ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिनचा डोस तसाच, तर पहाटे घाम फुटून साखर चाळीस-पन्नासवर येणं अवघड नाही. म्हणून ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड सहसा बंद होतात, इन्सुलिन बरंच कमी होतं, मेटफॉर्मिन बहुधा साध्या रूपात चालू राहतं. घरी ग्लुकोमीटर हवाच. उपाशीपोटी आणि जेवणानंतरचे आकडे वहीत लिहा आणि आठवड्याला डॉक्टरांना पाठवा. आणखी एक: वर्ष-दोन वर्षांनी, कुठलीच गोळी चालू नसताना, जेवणानंतर एक ते तीन तासांनी साखर पडू लागली, तर तो बायपासनंतरचा वेगळा प्रकार असू शकतो. गोड खाऊन वेळ मारून नेऊ नका, तपासून घ्या.

बीपीच्या औषधांत आधी नजर जाते लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांवर. ऑपरेशननंतर पाणी पुरेसं जात नाही, त्यात एप्रिल-मेचा मुंबईचा घाम. शरीर सुकतं, उभं राहिल्यावर अंधारी येते, मूत्रपिंडावर ताण पडतो. म्हणून ती गोळी बहुतेकदा पहिली सुटते. पण मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिनसारखी औषधं एकदम थांबवली तर बीपी आणि नाडी उसळतात. ती उतरत्या क्रमानेच काढायची. "बीपी नॉर्मल आलंय" म्हणून स्वतःच बंद करणारे मी खूप पाहिलेत.

थायरॉइड, रक्त पातळ करणारी, मनाची, फिटची औषधं

थायरॉक्सिनचं गणित दुहेरी आहे. वजन घटलं की गरज कमी होते, पण शोषणही बिघडू शकतं. कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही. ऑपरेशननंतर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच (थायरॉइडची रक्त तपासणी) करा आणि वजन स्थिर होईपर्यंत करत राहा. गोळी पहाटे उपाशीपोटी घ्या, चहा त्यानंतर तासाभराने, आणि लोह-कॅल्शियम चार तास लांब.

वॉर्फरिन किंवा ॲसेनोकूमरॉल घेणाऱ्यांचा डोस सुरुवातीच्या आठवड्यांत बराच कमी लागतो, कारण खाण्यातलं व्हिटॅमिन के घटतं. पुढे तो पुन्हा वाढत जातो. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याची तपासणी) वारंवार केल्याशिवाय हे कळणार नाही. नव्या गोळ्यांपैकी रिव्हारोक्साबॅनची १५ आणि २० मिलिग्रॅमची मात्रा भरल्या पोटी घ्यायची असते, आणि "भरलं पोट" म्हणजे आता चार घास. डाबिगॅट्रानला आम्ल लागतं. म्हणून पहिले किमान चार आठवडे रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनवर भर देतात आणि मग ठरवतात.

मनाच्या आजारासाठी लिथियम चालू असेल तर सर्वांत जास्त सावधपणा हवा. ऑपरेशननंतर लिथियमची पातळी विषारी मर्यादेपर्यंत चढू शकते, पाणी कमी पडलं तर आणखी लवकर. हात थरथरणं, जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं दिसलं की त्याच दिवशी रक्त तपासायचं. नैराश्याच्या काही गोळ्या उलट कमी पोचतात. ऑपरेशननंतरच्या पहिल्या महिन्या-दोन महिन्यांत माणूस गप्प राहू लागला, झोप उडाली, तर घरच्यांनी "अशक्तपणा असेल" म्हणून सोडून देऊ नये. ज्या मनोविकारतज्ज्ञांनी औषध दिलंय त्यांची भेट ऑपरेशनच्या आधीच ठरवून ठेवा.

फिटची औषधं आणि अवयव प्रत्यारोपणानंतरची टॅक्रोलिमससारखी औषधं रक्तातली पातळी मोजूनच चालवावीत. तुलनेसाठी ऑपरेशनच्या आधीचा आकडा हवा, तो लोक हमखास विसरतात. केईएमच्या क्लिनिकल फार्माकॉलॉजी विभागात अशी पातळी मोजण्याची सोय आहे, खाजगी लॅबमध्येही बऱ्याच चाचण्या होतात. हाडांसाठीच्या ॲलेंड्रोनेट गोळ्या टाळतात, गरज पडली तर शिरेतून दिलं जाणारं औषध वापरतात.

गर्भनिरोधक गोळ्यांवर भिस्त नको

पीसीओडी या अंडाशयाच्या तक्रारीमुळे वर्षानुवर्षं पाळी न येणाऱ्या मुलींची पाळी वजन उतरताच सुरू होते आणि गर्भ राहण्याची शक्यता एकदम वाढते. नेमक्या त्याच काळात, ऑपरेशननंतर १२ ते १८ महिने, गर्भधारणा टाळायची असते. आतडं वगळलेल्यांमध्ये तोंडावाटे घ्यायच्या गोळीचा भरवसा कमी, आणि उलट्या-जुलाब असतील तर कुणालाच नाही. तांबी किंवा हॉर्मोनची आययूडी (गर्भाशयात बसवायचं साधन), दंडातलं इम्प्लांट हे मार्ग पोटावर अवलंबून नाहीत. स्त्रीरोगतज्ज्ञांशी हे ऑपरेशनच्या आधी बोला. लाजून राहिलेल्या विषयाची किंमत त्या मुलीलाच मोजावी लागते. टिर्झेपेटाइड सुरू करताना आणि त्याचा डोस वाढवताना प्रत्येक वेळी चार आठवडे गोळीबरोबर दुसरा उपायही ठेवायला सांगितलेलं आहे.

अँटिबायोटिक्स आणि मुंबईचा पावसाळा

पाणी तुंबलं की गुडघाभर पाण्यातून चालत घरी जाणं आलंच. लेप्टोच्या, म्हणजे अशा घाण पाण्यातून होणाऱ्या तापाच्या, भीतीमुळे महापालिका अशा वेळी ७२ तासांच्या आत डॉक्टरांच्या सल्ल्याने डॉक्सिसायक्लिन घ्यायला सांगते. हे औषध कॅल्शियम, लोह आणि दुधाशी बांधलं जातं आणि शोषलं जात नाही. दोन्हींत किमान दोन-तीन तास ठेवा. अन्ननलिकेत अडकलं तर जखम करतं, एरवी पेलाभर पाण्याने घ्या म्हणतात. तुम्हाला पेला एकदम जाणार नाही, म्हणून घोटाघोटाने पुरेसं पाणी घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका. सिप्रोफ्लॉक्सासिनही कॅल्शियम-लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्या.

टीबीची औषधं चालू असतील किंवा सुरू होणार असतील तर केंद्रावर ऑपरेशनची नोंद करायला सांगा. औषध कमी पोचलं तर नुसता खोकला लांबत नाही, जंतू औषधाला दाद देईनासे होतात. एचआयव्हीच्या डोल्युटेग्रॅव्हिरचंही कॅल्शियम-लोहाशी वाकडं आहे. ती गोळी त्यांच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर घ्यावी.

जीवनसत्त्वं: कुठे काय बसवायचं

ही आयुष्यभराची औषधं आहेत. "टॉनिक संपलं, आता बरं वाटतंय" असं म्हणून सोडायची नाहीत. कॅल्शियम सायट्रेट रूपात मागा, त्याला आम्ल लागत नाही. दिवसाला १२०० ते १५०० मिलिग्रॅम, पण एका वेळी ५००-६०० च्या वर नाही, त्याहून जास्त शोषलं जात नाही. लोह पाळी येणाऱ्या स्त्रियांना आणि बायपास-स्लीव्ह झालेल्यांना ४५ ते ६० मिलिग्रॅम, पट्टीवर "एलिमेंटल आयर्न" किती ते बघा. बी-१२ रोज ३५० ते १००० मायक्रोग्रॅम तोंडावाटे किंवा महिन्याला १००० मायक्रोग्रॅमचं इंजेक्शन. शाकाहारी माणसाचं बी-१२ आधीच कमी असतं, मेटफॉर्मिन आणि ॲसिडिटीच्या गोळ्या ते आणखी खाली नेतात. डी-३ साधारण ३००० युनिट रोज. आपल्याकडे मिळणारं ६०,००० युनिटचं पाकीट आठवड्याचं असतं. ते रोज घेऊन विषबाधा झालेले लोक असतात, चिठ्ठी नीट वाचा. पित्ताचे खडे होऊ नयेत म्हणून पहिले सहा महिने अर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिडही बहुधा लिहिलेलं असतं.

अडचण ही की लोह आणि कॅल्शियम एकत्र चालत नाहीत, दोघंही थायरॉइडच्या गोळीजवळ चालत नाहीत, जेवणाबरोबर पाणी प्यायचं नाही, आणि माणसाला ८.१२ ची फास्ट पकडायची असते. आमच्या एका बदलापूरच्या ताईंसाठी बसवलेलं वेळापत्रक असं:

पहाटे ५.३० ला थायरॉइड, दोन घोट पाण्याबरोबर. चहा ६.३० नंतर.
सकाळी १० ला ऑफिसात पोचल्यावर मल्टिव्हिटॅमिन आणि लोह, बिनसाखरेच्या लिंबूपाण्याबरोबर. पुढे दोन तास चहा नाही.
दुपारी डबा १ ला, आणि २ ला कॅल्शियमची पहिली.
संध्याकाळी ६ ला, परतीच्या गाडीत, दुसरी.
रात्री ९.३० ला तिसरी.

त्यांनी आठवड्याचा खणांचा डबा घेतला आणि मोबाइलमध्ये गजर लावले. पहिल्या महिन्यात दुपारची गोळी राहायची, म्हणून त्यांनी ती डब्याच्या पिशवीतच ठेवायला सुरुवात केली.

उपवासाबद्दल वेगळं सांगायला हवं. एकादशी, मार्गशीर्षातले गुरुवार, नवरात्र, रोजे. पहिलं वर्ष तरी कडक उपवास धरण्याआधी डॉक्टरांना विचारा. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीत आणि साखरेच्या गोळ्या चालू असतील तर उपाशीपोटी धोका. देवाला दूध-फळांवरचा उपवासही पोचतो.

तपासण्या कधी

तीन, सहा आणि बारा महिन्यांनी, मग दरवर्षी: हिमोग्लोबिन, फेरिटिन, बी-१२, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम, पॅराथॉर्मोन, यकृत आणि मूत्रपिंड. प्रत्येक तपासणीच्या दिवशी वजन लिहा आणि विचारा: "वजन एवढं बदललं, कुठला डोस बदलायचा का?"

लगेच रुग्णालयात कधी जायचं

काळी, डांबरासारखी शी. रक्ताची उलटी. पोटात अचानक सुरीसारखी कळ. साखर ७० च्या खाली वारंवार. श्वास लागणं किंवा एका पायाला सूज.

आणि उलट्या थांबत नसतील तर. काही दिवस सतत उलट्या झाल्या की शरीरातला बी-१, म्हणजे थायमिन, संपतो. दुहेरी दिसणं, पाय लटपटणं, गोंधळल्यासारखं बोलणं ही मेंदूची धोक्याची खूण. आपल्याकडे अशक्त माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात नेऊन ग्लुकोजचं सलाइन लावायची पद्धत आहे. ऑपरेशन झालेल्या माणसाला ग्लुकोजच्या आधी थायमिनचं इंजेक्शन द्यायला हवं, नाहीतर उरलंसुरलं थायमिनही वापरलं जातं. हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ हवं: "पोटाचं बायपास झालंय, आधी बी-१ द्या."

पाकिटातला कागद

पोस्टकार्डाएवढा कागद पुरतो. वर ऑपरेशनचं नाव, तारीख, सर्जनचा फोन. खाली मोठ्या अक्षरात: आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक गटातली वेदनाशामकं देऊ नयेत. हळू सुटणाऱ्या गोळ्या विचारल्याशिवाय नकोत. ग्लुकोजच्या आधी थायमिन. मागच्या बाजूला सध्याची औषधं, मात्रा आणि शेवटचा बदल कधी झाला. डोस बदलला की कागद नवा. फोटो काढून घरातल्या एकाच्या मोबाइलवर ठेवा. आणि औषधांच्या दुकानात आलात की गोळीचं नाव सांगायच्या आधी तो काउंटरवर ठेवा. गर्दीत आम्ही विचारायचं विसरू शकतो.